मनातली माया हातात यावी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



महिन्यापूर्वी चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी पोळ्या लाटत होते. लाटणे हातातच राहिले. मी म्हटले, "अहो, माझी शाळा सातवीला सुटली. आपल्या मंडळात शिकलेल्या बाया आहेत, त्यांना सांगा." त्या म्हणाल्या, "विषय सोपा आहे. रोजच्या संसारात दुसऱ्यावर माया कशी करावी, दया कशी दाखवावी, एवढेच सांगायचे. त्याला शाळा कशाला लागते?"

त्या गेल्यावर मी विचार करू लागले, आणि विषय काही सोपा वाटेना. माया करावी, दया करावी, हे तर लहानपणापासून ऐकले आहे. कीर्तनात ऐकले, आईकडून ऐकले. माया वाईट असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मग एवढी माया जर सगळ्यांच्याच मनात आहे, तर शेजारचे माणूस एकटे का पडते? या प्रश्नाशी मी अडले. त्याचे जे उत्तर मला माझ्या घरात आणि गल्लीत सापडले, तेच आज सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

मला वाटते, कणगीत ज्वारी भरलेली असली म्हणून दारात आलेला भुकेला माणूस जेवला असे होत नाही. ती दळावी लागते, भाकर थापावी लागते, ताट वाढून त्याच्यापुढे ठेवावे लागते. मायेचेही तसेच आहे. मनातली माया मनातच राहिली तर ती कणगीतल्या ज्वारीसारखी. आपल्याला वाटते आपण श्रीमंत आहोत, आणि समोरचा उपाशी निघून जातो.

आपण वर्धा जिल्ह्यातल्या बाया. मायेची थोर उदाहरणे शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या मंडळाची सहल सेवाग्रामला गेली होती ते आठवते ना? बापूकुटी पाहून झाल्यावर जवळच एक लहानशी कुटी दाखवली होती. ती परचुरे शास्त्रींची कुटी. पुष्कळ जणी तोवर थकल्या होत्या, कोणाला पाणी हवे होते, कोणाला एस.टी.ची घाई होती. मी मात्र तिथे जरा थांबले.

परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. गांधीजींची त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगापासूनची. त्यांना महारोग झाला. त्या काळी महारोग झाला की घर सुटे, गाव सुटे, नातलग तोंड फिरवत. असे हे शास्त्रीबुवा १९३९ साली सेवाग्रामच्या आश्रमात आले. आश्रमात बायामाणसे होती, मुले होती. रोगाची भीती सगळ्यांनाच होती. गांधीजींनी आश्रमातल्या मंडळींचा विचार घेतला आणि शास्त्रीबुवांना ठेवून घेतले. त्यांची कुटी आपल्या कुटीपासून जवळच बांधली. आणि गांधीजी स्वतः जाऊन आपल्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश करीत.

यातली एक गोष्ट माझ्या मनात फार रुतून बसली. त्या वेळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. कडू कवठाचे तेल देत, पण त्याने रोग जाईलच असे नव्हते. खात्रीने बरे करणारा औषधांचा मेळ पुढे १९८० नंतर आला. आज महारोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. म्हणजे गांधीजी मालिश करीत तेव्हा औषध नव्हते, माणसाचा हात तेवढा होता. आणि तो हात होता देशातल्या सर्वांत कामात असलेल्या माणसाचा. महायुद्ध सुरू झालेले, देशभरचे पुढारी सेवाग्रामला येत-जात. "वेळ नाही" असे म्हणण्याचा हक्क जर कोणाला असेल, तर तो त्यांना होता.

त्याही आधी, १९३६ साली, विनोबांच्या मुशीत तयार झालेले मनोहरजी दिवाण यांनी वर्धेजवळ दत्तपूरला महारोग्यांसाठी काम सुरू केले. तिथले रोगी नुसते पडून राहत नसत. जमेल तशी शेती करीत, सूत काढीत. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

आणि बाबा आमटे तर आपल्या हिंगणघाटचे. १९१४ साली त्यांचा जन्म इथला. वरोऱ्याला असताना एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा महारोगी पडलेला दिसला. बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. बाबा घाबरून घरी पळाले. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. पळाले, पण मन स्वस्थ बसू देईना. परत गेले आणि त्याची सेवा केली. त्यातूनच पुढे आनंदवन उभे राहिले. भगिनींनो, मला त्यांच्या परत जाण्याचा फार आधार वाटतो. एवढा मोठा माणूससुद्धा आधी पळाला होता. म्हणजे आपणही पळालो असलो, तरी परत जाण्याची वाट बंद झालेली नसते.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती साधनाताईंची गोष्ट. त्या नागपूरच्या घुले घराण्यातल्या, लग्नाआधीच्या इंदू. घरी लग्नकार्य होते. सगळे नटूनथटून मिरवत होते. मागच्या बाजूला घरातली म्हातारी मोलकरीण कपड्यांचा ढीग धूत बसली होती. ही मुलगी कोणाला न सांगता मागच्या दाराने गेली आणि तिला कपडे धुवू लागली. बाबांनी ते पाहिले, आणि इथेच त्यांचे मन ठरले. १९४६ साली त्यांचे लग्न झाले. पुढे आनंदवनात साधनाताईंनी जे केले ते सर्वांना माहीत आहे. पण त्याची सुरुवात पाहा कुठे झाली? धुण्याच्या दगडाशी! त्यासाठी पैसा लागला नाही, संस्था लागली नाही, भाषण तर नाहीच नाही. म्हातारीचे हात दुखत असतील, एवढे लक्षात यावे लागले आणि पदर खोचावा लागला.

हे सारे ऐकून आपण म्हणतो, ती थोर माणसे. आता मी एका साध्या बाईची, म्हणजे माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती मला शोभणारी नाही. तरी सांगते.

२०१७ साली आपल्या विदर्भात कपाशीवर बोंडअळी पडली होती. पांढऱ्या सोन्याचे कसे मातेरे झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या शेजारच्या वहिनींचे चार एकर शेत होते. त्यांच्या मालकाने पुढच्या भाद्रपदात जिवाचे बरेवाईट करून घेतले. त्याबद्दल अधिक बोलत नाही. आपल्या जिल्ह्यात अशी घरे किती आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. २००६ साली दिल्ली सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांकरिता शेतकऱ्यांच्या मदतीची योजना काढली, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. योजना आली ती सरकारची. शेजाऱ्याची योजना शेजाऱ्यानेच काढायची असते.

तेरवीपर्यंत आमच्या साऱ्या गल्लीने वहिनींना सांभाळले. कोणी भाकरी नेल्या, कोणी पिठले नेले, कोणी लेकीला जवळ घेऊन झोपले. त्यात मीही होते. आपण आपले कर्तव्य केले, असे मला वाटले. तेरवी झाली आणि ज्याचे त्याचे काम सुरू झाले. वहिनी नळावर दिसल्या की काय बोलावे ते मला सुचत नसे. विचारावे तर दुःख उकरल्यासारखे होईल, हसावे तर बरे दिसणार नाही. म्हणून मी हंडा उचलून दुसरीकडे पाहत निघून जाई. मला वाटे, मी त्यांचे मन जपते आहे. खरे पाहता मी स्वतःचेच मन जपत होते.

संक्रांत आली. माझ्याकडे हळदीकुंकू होते. गल्लीतल्या सगळ्या सुवासिनी आल्या. वहिनींना बोलावणे नव्हते, ते सांगायला नकोच. त्यांनी आपले दार आतून लावून घेतले होते, कोणाला अवघड वाटू नये म्हणून. संध्याकाळी त्यांची सात वर्षांची लेक माझ्या दारात आली. मी तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. तिने तो खाल्ला नाही. मुठीत धरून मला विचारले, "काकू, माह्या मायले काऊन नाही बलावलं?"

मी काय उत्तर देणार? मी तिला आणखी एक लाडू दिला. पोरीच्या प्रश्नाला मी लाडू दिला, बायांनो!

त्या रात्री मी भांडी आवरत होते. स्वयंपाकघरात माझ्या सासूबाई खाली बसून उरलेले वाण मोजून ठेवीत होत्या. मामंजी जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. अकरा वर्षे दर संक्रांतीला सासूबाई पहाटे उठून तीळ भाजत, पाक करीत, लाडू वळत, वाणाच्या वस्तू मांडून देत, आणि बाया यायची वेळ झाली की आतल्या खोलीत जाऊन बसत. त्यांना कोणी जा म्हणत नसे. त्या आपणच जात. आणि मला ते दिसत असूनही दिसत नव्हते. बाहेर बाया म्हणत, "लाडू काय सुरेख झाले!" आणि मी म्हणे, "आवडले ना? आणखी घ्या."

शेजारच्या पोरीच्या प्रश्नाने मला माझ्याच घरातले माणूस दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनींकडे गेले. काय बोलायचे ते ठरवले होते, पण दार उघडल्यावर सगळे विसरले. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही खाली बसले आणि शेंगा सोलू लागले. बराच वेळ दोघीही गप्प. मग त्याच बोलल्या, "तेरवीपर्यंत साऱ्या आल्या, वहिनी. मंग कोनीच नाही आलं."

मी म्हटले, "चुकले माझे. काही लागले तर सांगत जा."

त्यावर त्या जे बोलल्या, ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाल्या, "लागते काय? देतात साऱ्याच. पन मले कोनी काही मागत नाही. चमचाभर विरजन बी कोनी मागत नाही आता."

तेव्हा मला दत्तपूरची गोष्ट कळली. तिथे रोग्यांना नुसते अन्न दिले नाही, काम दिले, हे मी पुस्तकात वाचले होते. आनंदवनातही बाबांनी तेच केले. त्याचा अर्थ मात्र वहिनींनी सांगितला. माणसाला नुसते घेत राहणे फार जड जाते. आपलाही कोणाला उपयोग आहे, आपल्याही हातचे कोणी खाते, असे वाटले पाहिजे. आपण दया करतो तेव्हा आपला हात वर असतो आणि दुसऱ्याचा खाली. माया केली तर कधी आपला हात वर, कधी तिचा.

त्या संध्याकाळी आमच्या घरात विरजण होते. तरी मी वाटी घेऊन वहिनींच्या दारात गेले आणि विरजण मागितले. त्यांनी वाटी जवळजवळ हिसकूनच घेतली आणि काठोकाठ भरून आणली. तेव्हापासून आमच्या दोन घरांत वाटी फिरते आहे. आज वहिनी शिवणकाम करून घर चालवतात. माझ्या अंगावरचे हे पोलके त्यांनीच शिवलेले आहे, आणि शिलाई मी पूर्ण देते. गरीब म्हणून तिच्याकडून फुकट करून घ्यावे असे नाही, आणि कीव करून जास्त पैसे टेकवावे असेही नाही.

पुढच्या संक्रांतीला मी सासूबाईंना म्हटले, "तुम्ही बाहेर बसा. लाडू तुम्ही वळले, वाटायचेही तुम्हीच." त्या घाबरल्या. म्हणाल्या, "कायले व? लोक काय म्हनतीन?" मी त्यांना ओढले नाही. तिळगुळाचे ताट उचलून आतल्या खोलीत नेले, सर्वांआधी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाण दिले आणि पाया पडले. त्यांनी वाण पदरात घेतले. त्यांचा हात थरथरत होता. त्या वर्षी त्या बाहेर आल्या नाहीत. पण दार उघडे ठेवून बसल्या.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या चाली आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसेच करावे, असे सांगितले. मी ती बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कागद निघाला, चांगलं झालं. बाया कधी निघतीन?"

भगिनींनो, रोजच्या संसारात माया दाखवण्याच्या शंभर जागा आहेत. आपल्या वैशाखाच्या उन्हात दारात भाजीवाली आली, तर भाव करण्याआधी तिला रांजणातले तांब्याभर पाणी द्यावे. भांडेवालीचा कप वेगळा टांगलेला असतो, तो आपल्या कपांत ठेवावा. सून कामावरून आली की "भाजी काय करायची?" याआधी "जेवलीस का?" हे विचारावे. कोणाच्या घरी दुःख झाले, तर मोबाईलवर हात जोडल्याचे चित्र पाठवून मोकळे होऊ नये. चार पावले चालून जावे. बोलता आले नाही तर गप्प बसावे, पण शेंगा सोलायला बसावे. यात काही मोठे नाही. म्हणूनच ते राहून जाते.

पण ज्या जागी चाल आडवी येते, तिथे माया दाखवणे सर्वांत अवघड. तिथे आपण म्हणतो, "माझ्या मनात काही नाही हो, पण लोक..." बायांनो, ते लोक म्हणजे आपणच. आपल्या गल्लीच्या हळदीकुंकवाला सासरे येत नाहीत, सरपंच येत नाहीत. आपणच येतो, आणि कोणाला बोलवायचे तेही आपणच ठरवतो.

आज मी मुद्दाम एक गोष्ट बोलते. आपले मंडळ सर्व महिलांचे, असे पाटीवर लिहिले आहे. आजही सभेच्या आधी दाराशी हळदीकुंकवाचे ताट होते. माझ्या सासूबाई आज सभेला आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. काल त्याच गुडघ्यांनी बाजारात जाऊन आल्या होत्या. मला खरे कारण ठाऊक आहे. दाराशी ताट घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीचा हात आपल्यापाशी येऊन थांबेल, ही त्यांना भीती. वहिनी तर मंडळाच्या झेंड्याचे कापड शिवून देतात, पण झेंड्याखाली बसायला येत नाहीत.

माझी मंडळाला हात जोडून विनंती आहे. येत्या संक्रांतीला आपण बोलावण्याची यादी सुवासिनींची न करता घरांची करावी. ज्या घरात जितक्या बाया असतील, त्या सर्वांना बोलावणे जावे, आणि ते चिठ्ठीने नव्हे, आपण स्वतः जाऊन द्यावे. दाराशी सर्वांना तिळगूळ, फूल आणि वाण द्यावे. हळदीकुंकवाचे ताट मधे ठेवावे; जिला लावायचे तिने लावावे, नको तिने लावू नये. कोणाला जबरदस्ती नको, आणि कोणापाशी हात थांबायला नको. वडीलधाऱ्या बायांपैकी कोणाला हे पटणार नाही, हे मी जाणते. त्यांच्याशी माझे भांडण नाही. मी स्वतः अकरा वर्षे लाडवांची वाहवा घेत होते आणि लाडू वळणारीला आत बसवीत होते. दुसऱ्याला दोष द्यायला माझे तोंड नाही. मी फक्त एवढेच म्हणते की, परत जाण्याची वाट उघडी आहे.

मी पुष्कळ बोलले. सातवी शिकलेल्या बाईचे तुम्ही एवढा वेळ ऐकले, हीच तुमची माझ्यावरची माया. सभा संपल्यावर मी वहिनींकडे जाणार आहे, सकाळी त्यांची वाटी माझ्याकडे राहिली आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर चला. त्यांच्याकडे आज ताक केले आहे.